शिळाछापावरील पुराणकथा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुराणातले प्रसंग शिळाछापाच्या रंगीत चित्रांतून सामान्य माणसाच्या घरी आले. १८७८ साली कलकत्त्यात तेथील कलाशाळेत शिकलेल्या चित्रकारांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ सुरू केला. त्याच वर्षी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. चित्रशाळेचे रामपंचायतन महाराष्ट्रात घरोघर भिंतीवर लागले.

शिळाछापाचे तंत्र तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभे आहे. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र उलटे काढतात. दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेषांना धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो आणि प्रत्येक छाप आधीच्या छापावर नेमका बसावा लागतो. अनेक रंगांच्या या छपाईला तैलचित्राची झाक दिली की तिला ओलिओग्राफ म्हणत.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत, धाकटे बंधू राजराज वर्मा यांच्या साथीने, जर्मन यंत्रे आणि तंत्रज्ञ आणून छापखाना घातला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वती देशभर पूजेत बसल्या.

रविवर्मांचे मोठेपण प्रसंगाच्या निवडीत आहे. कथेतला नेमका एक क्षण ते पकडतात. ‘शकुंतलाजन्म’ या चित्रात मेनका तान्हे मूल पुढे करते आणि विश्वामित्र हात उंचावून तोंड फिरवतो. दुसऱ्या चित्रात शकुंतला पायातला काटा काढण्याच्या निमित्ताने मागे वळून दुष्यंताकडे पाहते. हंसाचे बोलणे ऐकणारी दमयंती, गंगेला मस्तकावर झेलायला उभा असलेला शंकर, सीतेसाठी पंख गमावणारा जटायू या चित्रांतही कथा एका मुद्रेत सामावते. देवादिकांची शरीरे माणसाची आहेत, त्यांच्यामागे खरे वाटणारे आकाश, डोंगर आणि पाणी आहे. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही प्रसंग आणि त्यातली भावना कळे.

भाविकांनी या छापील चित्रांवर जरी, टिकल्या आणि कापड चिकटवून देवतांना वस्त्रालंकार चढवले. दिनदर्शिका आणि जाहिरातींनी हीच रूपे उचलली. मळवलीच्या छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, आणि पौराणिक प्रसंगांची ही दृश्यपरंपरा चित्रपटात पुढे चालू राहिली.