दुहेरीचा खेळ आणि एकटीचे अग्रस्थान



सोलापूरहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता उमरगा मागे टाकतो, बसवकल्याणच्या बाजूने राजेश्वर गावी येतो आणि तेथून हुमनाबादेच्या दिशेने पुढे जातो. १९५६ पूर्वी उमरग्यापासून पुढचा हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात मोडत होता. बीदर आणि गुलबर्गा या भागातील माणसाला मोठे शहर म्हणजे हैदराबाद, ही ओळख तेव्हापासूनची आहे. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी ती पुसली गेलेली नाही. राजेश्वरहून पूर्वेस हा रस्ता धरला तर हैदराबाद येते. पश्चिमेस सोलापूर गाठून उत्तरेकडे वळले तर बार्शी लागते. या दोन गावांतील दोन मुली २०१४ साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथील आशियाई क्रीडास्पर्धांत जाळ्याच्या एकाच बाजूस उभ्या राहिल्या आणि त्यांनी महिलांच्या दुहेरी टेनिसचे कांस्यपदक मिळविले. हैदराबादची सानिया मिर्झा आणि बार्शीची प्रार्थना ठोंबरे. त्यानंतर सहा-सात महिन्यांतच सानिया दुहेरीत जगातील पहिल्या क्रमांकाची खेळाडू ठरली. या पहिल्या क्रमांकाचा इतिहास आज पाहावयाचा आहे.

दुहेरी टेनिसमध्ये जिंकतात दोघी, परंतु क्रमांक मिळतो तो एकीच्या नावे. ही गोष्ट प्रथम ऐकताना विचित्र वाटते. शाळेत दोन मुलींनी मिळून एक प्रयोग केला आणि गुरुजींनी गुण मात्र दोघींच्या पत्रिकांवर वेगवेगळे मांडले, असाच हा प्रकार आहे. एखाद्या जोडीने स्पर्धा जिंकली म्हणजे तिचे गुण दोघींच्या खात्यांवर सारखेच जमा होतात. हे गुण बावन्न आठवडे टिकतात. पुढील वर्षी ती स्पर्धा पुन्हा आली की जुने गुण गळतात आणि नवे मिळविले असल्यास त्यांची भर पडते. एखादीने वर्षभर एकाच जोडीदारिणीबरोबर खेळावे, असे बंधन नाही. कोणी जायबंदी होते, कोणी एकेरीकडे वळते, कोणाचे जमेनासे होते. तेव्हा जोडी मोडली तरी प्रत्येकीची कमाई तिच्यापाशी राहावी, हा या पद्धतीमागील व्यवहार आहे. वर्षअखेरच्या स्पर्धेत कोणाला घ्यावे हे ठरविताना मात्र जोडीचे गुण मोजतात, हेही सांगितले पाहिजे.

महिलांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना जून १९७३ मध्ये लंडन येथे बिली जीन किंग हिच्या पुढाकाराने स्थापन झाली. संगणकावर आधारलेली एकेरीची क्रमवारी नोव्हेंबर १९७५ मध्ये सुरू झाली. दुहेरीस आणखी जवळजवळ नऊ वर्षे वाट पाहावी लागली. दुहेरीची पहिली यादी ४ सप्टेंबर १९८४ या दिवशी निघाली आणि तिच्या शिरोभागी मार्टिना नवरातिलोवा हिचे नाव होते. दुसरे कोणाचे असणे शक्यच नव्हते. प्राग येथे जन्मलेली आणि पुढे अमेरिकेची नागरिक झालेली ही डावखुरी खेळाडू एकेरीतही त्या काळी अजिंक्य होती. पॅम श्रायव्हर या उंचापुऱ्या अमेरिकन मुलीच्या साथीने तिने १९८४ साली चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. एप्रिल १९८३ पासून जुलै १९८५ पर्यंत या जोडीने सलग १०९ सामने जिंकले. अखेरीस विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात कॅथी जॉर्डन आणि एलिझाबेथ स्मायली यांनी ही मालिका तोडली. नवरातिलोवा एकंदर २३७ आठवडे अग्रस्थानी राहिली.

श्रायव्हरचे काय झाले? ती त्या १०९ विजयांची अर्धी धनीण. प्रमुख स्पर्धांची वीस विजेतेपदे या दोघींनी मिळून मिळविली. परंतु १९८५ सालातील काही थोडे आठवडे सोडले तर पहिला क्रमांक तिच्या वाट्यास आला नाही. नवरातिलोवा इतर जोडीदारिणींबरोबरही खेळे आणि जिंके. टेनिसच्या इतिहासातील सर्वोत्तम जोडी कोणती, असे विचारले तर जाणकार या दोघींची नावे एका दमात घेतात. क्रमवारीचे पुस्तक उघडले म्हणजे मात्र एक नाव पानभर आणि दुसरे ओळभर, अशी अवस्था दिसते. आकड्यांना न्याय-अन्याय कळत नाही. पण वाचणाऱ्याने ते कळून वाचावे.

येथे थोडे मागे वळून मराठी मुलखाकडे पाहिले पाहिजे. संस्कृत कवयित्री म्हणून ज्यांचे नाव सर्वश्रुत आहे त्या पंडिता क्षमाबाई राव टेनिस खेळत असत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डन येथे एकेरीचा सामना जिंकला. तेथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. त्या काळी पैशाचे टेनिस निराळे आणि हौसेचे निराळे होते, संगणक तर नव्हताच. तरी पुढे जे घडले त्याच्या आधी हे नाव घेतले नाही तर इतिहास अपुरा राहील.

नव्वदीच्या दशकात दुहेरीचे अग्रस्थान अनेकींकडे फिरले. चेकोस्लोव्हाकियाच्या हेलेना सुकोवा आणि याना नोवोत्ना, पोर्तो रिकोत जन्मलेली जीजी फर्नांडिस, बेलारूसची नताशा झ्वेरेवा, स्पेनची अरांचा सांचेझ व्हिकारिओ ही त्यांतील ठळक नावे. फर्नांडिस आणि झ्वेरेवा यांनी मिळून चौदा प्रमुख विजेतेपदे मिळविली. स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगिस हिने १९९८ साली चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या, परंतु एकीबरोबर नव्हे: ऑस्ट्रेलियात मिर्याना लुचिच साथीला होती आणि उरलेल्या तिन्ही ठिकाणी नोवोत्ना. नवरातिलोवाच्या नावावरून जिचे नाव ठेवले गेले, तीच ही हिंगिस. तिचे नाव या कथेत पुन्हा येणार आहे.

आशियाला हे स्थान मिळाले ते ऑक्टोबर २००० मध्ये, जपानच्या आय सुगियामा हिच्या रूपाने. २०१४ साली चीनची पेंग श्वाई आणि तिच्यामागोमाग तैवानची श्ये सु-वेई पहिल्या क्रमांकावर आल्या. एव्हाना एक बदल झाला होता. नवरातिलोवाच्या काळी एकेरीचे श्रेष्ठ खेळाडू दुहेरीही मनःपूर्वक खेळत. पुढे एकेरीत पैसा वाढला, अंगावर ताण वाढला आणि अनेकींनी दुहेरी सोडली. त्यामुळे दुहेरी हा एक स्वतंत्र व्यवसायच होऊन बसला. झिंबाब्वेची कारा ब्लॅक आणि दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली लीझेल ह्यूबर यांच्यासारख्या खेळाडूंनी आपले सारे कौशल्य त्यातच ओतले. अठ्ठ्याहत्तर फूट लांबीचे तेच मैदान, परंतु सत्तावीस फुटांऐवजी छत्तीस फूट रुंद. चेंडू कोणाचा, हे निमिषार्धात ठरवावयाचे. पुढे जाऊन जाळ्यापाशी चेंडू अडविण्याचे धाडस करावयाचे आणि मागे उघडी पडलेली जागा जोडीदारीण सांभाळील असा विश्वास ठेवावयाचा. एकेरीत न चालणारे गुण येथे चालतात आणि एकेरीत चालणारा उतावळेपणा येथे घात करतो.

सानियाची वाट याच वळणाने गेली. तिचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबईत झाला, परंतु ती वाढली हैदराबादेत. वडील इम्रान मिर्झा हेच तिचे शिक्षक. २००३ साली विम्बल्डनच्या मुलींच्या दुहेरीत तिने रशियाच्या अलिसा क्लेबानोवा हिच्या साथीने विजेतेपद मिळविले. पुढच्याच वर्षी, हैदराबादेत भरलेल्या स्पर्धेत, ह्यूबरबरोबर तिने मोठ्या स्त्रियांतील पहिले दुहेरीचे विजेतेपद पटकाविले. २००५ साली त्याच शहरात तिने एकेरीची स्पर्धा जिंकली. संघटनेच्या स्पर्धेत एकेरी जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. ऑगस्ट २००७ मध्ये ती एकेरीत जगात सत्ताविसावी होती. आपल्या देशातील एकाही स्त्रीने तोवर एवढी मजल मारली नव्हती.

मग मनगटाने दगा दिला. २००८ साली शस्त्रक्रिया झाली. ज्या उजव्या हाताच्या घणाघाती फटक्यावर तिचा सारा खेळ उभा होता, तोच हात दुखावला. ती परत आली, पुन्हा दुखावली, पुन्हा आली. २०१३ साली तिने एकेरी सोडून दिली. पुष्कळांना तो शेवट वाटला असेल. क्रिकेटच्या बातमीखाली चार ओळींत संपणारा दुहेरीचा निकाल आपल्याकडे कोण वाचतो! परंतु २०१४ च्या ऑक्टोबरात सिंगापूर येथील वर्षअखेरच्या स्पर्धेत तिने कारा ब्लॅकसह विजेतेपद मिळविले, तेही अंतिम सामन्यात पेंग आणि श्ये यांना ६–१, ६–० असे धुऊन काढून.

मार्च २०१५ मध्ये हिंगिस तिची जोडीदारीण झाली. मागच्या रेषेवरून सानियाने प्रतिपक्षास रेटावे आणि जाळ्यापाशी हिंगिसने चेंडूची दिशा हळूच बदलून तो रिकाम्या जागी टाकावा, अशी ही वाटणी होती. इंडियन वेल्स, मायामी आणि चार्ल्सटन या तिन्ही स्पर्धा त्यांनी एकापाठोपाठ जिंकल्या. चार्ल्सटनचा अंतिम सामना १२ एप्रिल रोजी झाला आणि दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिल २०१५ रोजी, सानिया मिर्झा पहिल्या क्रमांकावर आली. टेनिसच्या क्रमवारीत पहिली आलेली ती पहिलीच भारतीय स्त्री. त्याच वर्षी जुलैमध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात रशियाच्या एकातेरिना माकारोवा आणि एलेना वेस्निना यांच्याविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये २–५ अशी वेळ आली होती. तो सेट ७–५ असा फिरला. पलीकडची वेस्निना ही २०११ साली पॅरिसच्या अंतिम सामन्यात सानियाचीच जोडीदारीण होती. दुहेरीच्या जगात मैत्री आणि प्रतिस्पर्धा यांची घरे अशी भिंतीस भिंत लावून असतात. पुढे अमेरिकेची आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियाची स्पर्धाही त्यांनी जिंकली; सलग ४१ विजयांची मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये दोहा येथे खंडित झाली.

हिंगिसही जानेवारी २०१६ मध्ये सानियाच्या बरोबरीने पहिल्या स्थानावर आली. दोघी संयुक्त प्रथम. जोडी आणि क्रमांक यांचा असा मेळ क्वचितच बसतो. ऑगस्टमध्ये जोडी फुटली. लगेच सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात दोघी जाळ्याच्या दोन बाजूंस होत्या: सानियाबरोबर चेक खेळाडू बार्बोरा स्त्रिचोवा, हिंगिसबरोबर अमेरिकेची कोको व्हँडेवे. सानिया जिंकली आणि पहिला क्रमांक एकटीचा झाला.

हा क्रमांक गेला कसा, ही हकीकत याहूनही विलक्षण आहे. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिस्बेन येथे सानियाने अमेरिकेच्या बेथनी मॅटेक-सँड्स हिच्या साथीने विजेतेपद मिळविले आणि त्याच विजयाने आपले अग्रस्थान गमाविले! आदल्या वर्षी हीच स्पर्धा तिने हिंगिसबरोबर जिंकलेली असल्याने जुने गुण गळून तेवढेच नवे आले, म्हणजे तिची शिल्लक जागच्या जागी राहिली. जोडीदारिणीच्या खात्यात मात्र भर पडली आणि ती सानियाच्या वर गेली. जिच्या खांद्याला खांदा लावून करंडक उचलला तिच्याकडेच, त्याच विजयाच्या जोरावर, पहिला क्रमांक गेला. सलग एक्क्याण्णव आठवड्यांचा तो काळ अशा रीतीने संपला. हरल्यामुळे पद जावे हे नेहमीचे. जिंकून पद जाण्यास दुहेरीच खेळावी लागते.

आता बार्शीकडे यावयाचे. सानियाचा क्रमांक एकटीचा असला तरी त्याचा लाभ एकटीला झाला नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये असा नियम होता की, दुहेरीच्या क्रमवारीतील पहिल्या दहा खेळाडूंना थेट प्रवेश मिळेल आणि क्रमवारीत ठरावीक मर्यादेच्या आत असलेली स्वदेशीय जोडीदारीण त्यांना बरोबर आणता येईल. प्रार्थना ठोंबरे स्वतःच्या क्रमांकावर ऑलिंपिकमध्ये जाऊ शकली नसती. सानियाच्या पहिल्या क्रमांकाने तिला दार उघडले. म्हणून दार फुकट उघडले असे कोणी समजू नये. तेवढा क्रमांक मिळविण्यासाठी प्रार्थनाने वर्षानुवर्षे लहान लहान स्पर्धांत, जेथे बक्षिसातून प्रवासखर्चही सुटणे कठीण, तेथे घाम गाळलेला होता. बार्शी हे तेलबिया आणि धान्याच्या बाजारपेठेबद्दल आणि भगवंताच्या देवळाबद्दल प्रसिद्ध असलेले गाव. तेथून टेनिसची खेळाडू निघावी हे नवल मोठे, की तिने रिओ गाठावे हे मोठे, याचा निर्णय श्रोत्यांनीच करावा.

रिओमध्ये पहिल्याच फेरीत चीनच्या पेंग श्वाई आणि झांग श्वाई यांनी या दोघींना तीन सेटमध्ये हरविले. सामना पावणेतीन तासांच्या आसपास रंगला. पेंग स्वतः जगात पहिली राहिलेली आणि झांग मुरलेली. त्यांच्यासमोर बार्शीची मुलगी शेवटच्या सेटपर्यंत उभी राहिली, हे निकालाच्या चार ओळींत दिसत नाही.

सानियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई येथे अखेरचा सामना खेळून निवृत्ती घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धांत महाराष्ट्राची ऋतुजा भोसले आणि कर्नाटकातील कोडगूचा रोहन बोपण्णा यांनी पहिला सेट गमावूनही मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये बोपण्णा पुरुषांच्या दुहेरीत जगात पहिला आला, तेव्हा त्याचे वय त्रेचाळीस होते.