इंजिनाच्या झडपांचें वेळापत्रक

चढ चढणाऱ्या माणसाचा श्वास सपाटीवर चालणाऱ्याहून निराळा असतो. गरज पालटली कीं शरीर आपोआप श्वासाची तऱ्हा पालटतें. मोटारीच्या पेट्रोल इंजिनाला मात्र ही सोय दीर्घकाळपर्यंत नव्हती.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्रकारच्या झडपा असतात. एकीतून हवा व पेट्रोल आंत येतात, दुसरीतून जळालेला वायु बाहेर जातो. कॅमशाफ्ट नांवाच्या फिरत्या दांड्यावरील उंचवटे या झडपा ठराविक क्षणीं ढकलून उघडतात. उंचवट्यांचा आकार कारखान्यांतच कायमचा ठरलेला. त्यामुळें गाडी रांगत असो वा धांवत असो, झडपांचें वेळापत्रक एकच.

येथेंच अडचण उत्पन्न होते. इंजिन मिनिटास ६०० फेऱ्या घेत असतां दट्ट्याला वरून खालीं येण्यास सेकंदाचा विसावा भाग मिळतो. ६००० फेऱ्यांच्या वेळीं अवघा दोनशेवा. हवेलाहि वजन आहे; ती चटकन हालत नाहीं, आणि एकदां वेगानें निघाली म्हणजे चटकन थांबतहि नाहीं. म्हणून वेग मोठा असतां, दट्ट्या वर परतूं लागल्यावरहि आंतली वाट थोडा वेळ उघडी ठेवणें लाभाचें ठरतें. मागून येणारी हवा स्वतःच्या ओघानें शिरत राहते. परंतु हेंच मंद गतीच्या वेळीं केलें, तर ओघ क्षीण असल्यामुळें घेतलेली हवा दट्ट्याच पुन्हां बाहेर लोटतो आणि इंजिनाचा जोर घटतो. तात्पर्य, गांवांत सौम्य चालणारें इंजिन हवें कीं हमरस्त्यावर जोमदार धांवणारें, याची निवड रचनाकारास आधींच करावी लागे. मधला मार्ग काढला तर दोन्हीकडे थोडी उणीव राही.

हा पेंच सोडविण्याचे दोन प्रमुख मार्ग निघाले. पहिल्यांत उंचवटे तेच राहतात. परंतु कॅमशाफ्ट किंचित् पुढें वा मागें वळविला जातो, व झडपा लौकर अथवा उशिरां उघडतात. इटलीच्या आल्फा रोमिओ कंपनीनें १९८० सालीं स्पायडर गाडींत ही योजना आणली.

दुसरा मार्ग जपानच्या होंडा कंपनीचा. १९८९ च्या इंटेग्रा गाडींत प्रत्येक दोन झडपांमागें तीन उंचवटे व तीन भुजा ठेविल्या होत्या. बाजूचे उंचवटे बुटके, मधला उंच. संथ चालींत बुटके उंचवटेच झडपा चालवीत; मधली भुजा नुसतीच हालत राही. फेऱ्या ५००० च्या पुढें गेल्या कीं तेलाच्या दाबानें खिळी सरकून तिन्ही भुजा एकत्र जखडल्या जात, आणि उंच उंचवट्याचा अंमल सुरू होई. झडपा अधिक खोल व अधिक वेळ उघडत. अशा रीतीनें १६०० घनसेंटिमीटरच्या लहानशा इंजिनांतून १६० अश्वशक्ति मिळाली, आणि गांवांतली सौम्य चालहि कायम राहिली.

आज साध्या घरगुती मोटारींतहि अशा योजना आढळतात. त्यांपैकीं बहुतेकांत हुकूम विजेचा असला तरी बळ तेलाचें असतें. तेल घाण झालें कीं बारीक वाटा तुंबतात आणि वेळापत्रक बिघडतें. ज्या मालकास वेळेवर तेल बदलण्याचा कंटाळा, त्याच्या गाडींत ही सारी युक्ति असून नसल्यासारखी होते.