जुन्या जीपगाडीच्या क्लचची परीक्षा

महाडहून भोरकडे येताना वरंध घाटाची चढण लागते. काही वर्षांपूर्वी, पावसाळा नुकताच सरला असता, त्या चढणीवरील एका वळणावर आमच्या घरची जुनी जीपगाडी उभी राहिली. उभी राहिली म्हणजे इंजिन बंद पडले असे नव्हे. इंजिन चांगले गर्जत होते. अॅक्सिलरेटर दाबावा तसतसा त्याचा आवाज चढत होता. परंतु गाडी जागची हलेना, आणि क्षणभराने ती मागे सरू लागली. मागील बाकावर आमच्या थोरल्या बंधूंची दोन नातवंडे बसली होती. बंधूंनी पायब्रेक दाबून धरला, मी खाली उडी टाकून चाकांमागे दगड लावले, आणि मग मुलांना उतरवून घेतले. सर्वत्र जळक्या अस्तराचा उग्र वास सुटला होता. अर्ध्या तासाने, यंत्र निवल्यावर, पुढील चाकांचा दांडा आणि खालच्या वेगाचा दांडा टाकून आम्ही माणसाच्या चालीने घाट चढून आलो. जी गाडी वरच्या वेगात हलेना, तीच खालच्या वेगात चढली. असे का व्हावे, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. आजचे माझे भाषण त्याच प्रश्नाचे उत्तर आहे असे म्हटले तरी चालेल.

जीप ही आपणा सर्वांच्या परिचयाची. अमेरिकेत १९४१ पासून ती युद्धासाठी तयार होऊ लागली, आणि युद्ध संपेपर्यंत विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या काढल्या. १९४७ पासून आपल्या मुंबईतही विलीजच्या जीपगाड्या जोडल्या जाऊ लागल्या. आमची गाडी त्याच वंशातली, तीन वेगांची व पेट्रोलवर चालणारी. अशा गाड्या अद्यापि कित्येक घरांत हौसेने जतन केलेल्या आढळतात, आणि त्यांच्या धन्यांची पहिली तक्रार बहुधा क्लचचीच असते.

क्लच म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील नावाचे एक जड चक्र सतत फिरत असते. त्याला चिकटून दोन्ही बाजूंस खरखरीत अस्तर लावलेली एक तबकडी असते. तिलाच क्लच प्लेट म्हणतात. मागून प्रेशर प्लेट ही आपल्या स्प्रिंगांच्या जोराने त्या तबकडीस चक्रावर दाबून धरते. आपण पेडल दाबले की हा दाब सुटतो व इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत होते. या व्यवस्थेत दोनच मुख्य व्याधी संभवतात. धरावयाचे तेव्हा ती धरीत नाही, यास घसरणे म्हणतात; आणि सोडावयाचे तेव्हा ती सोडीत नाही, यास चिकटणे म्हणतात. बाकीच्या तक्रारी थरथरीच्या आणि आवाजाच्या.

साध्या मोटारीहून जीपचे वैशिष्ट्य असे की, तिच्या गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची दुसरी पेटी जोडलेली असते. तीतून एक दांडा मागील चाकांकडे व दुसरा पुढील चाकांकडे जातो. क्लच उघडावयाचा तर गिअरबॉक्स आणि ही पेटी, दोन्ही मिळून उतरवावी लागतात. काम जड, वेळ पुष्कळ आणि मजुरी त्या मानाने. म्हणून उतरविण्यापूर्वी एक तास परीक्षेत घालविणे हे येथे इतर गाड्यांपेक्षा अधिक अगत्याचे. आम्ही तो तास घालविला नाही. शहरातील एका कारखान्यात गाडी नेली, त्यांनी वास घेताच नवी तबकडी बसविली, आणि साडेतीन महिन्यांत गाडी पुन्हा जेथल्या तेथे आली.

परीक्षेचा प्रारंभ पेडलापासून करावा. हाताने पेडल दाबून पाहिले असता पहिला पाऊण ते एक इंच ते सैल, विनाविरोध खाली गेले पाहिजे. तबकडीचे अस्तर झिजते तसतशी ही सैल जागा कमी होत जाते, हे पुष्कळांस उलटे वाटते. ती मुळीच उरली नाही म्हणजे पेडल आपोआपच किंचित दाबल्यासारखे राहते, प्रेशर प्लेटचा जोर अर्धवट सुटतो आणि क्लच घसरू लागतो. गाडीखालचा आटा फिरवून ही जागा पुन्हा करून देता येते. त्यास पाने आणि दहा मिनिटे पुरतात. उलटपक्षी सैल जागा वाजवीपेक्षा जास्त असेल, तर पेडल तळाला टेकूनही क्लच पुरा सुटत नाही. केवळ एवढ्याचसाठी गिअरबॉक्स उतरविल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

पेडल ठीक असूनही घसरण्याची शंका राहिली, तर सपाट व मोकळ्या रस्त्यावर गाडी सर्वांत वरच्या वेगात ताशी पंचवीस-तीस मैलांवर आणावी आणि अॅक्सिलरेटर एकदम दाबावा. आवाज चढला व गाडीचा वेग त्या मानाने चढला नाही, तर क्लच घसरतो आहे. जुन्या जीपमध्ये इंजिनाचे फेरे दाखविणारा काटा नसतो, कानावरच भिस्त. परंतु ही परीक्षा ट्रान्स्फर केसच्या वरच्या वेगातच करावी. खालच्या वेगात ती पेटी इंजिनाचा जोर पुन्हा वाढवून चाकांस देते. आमच्या नमुन्याच्या गाडीत हे प्रमाण जवळजवळ अडीचपट आहे. म्हणजे तीच चढण चढण्यासाठी क्लचवर येणारा भार अडीचपटीने कमी होतो, आणि रोगी क्लचही निरोगी असल्याचा आव आणतो. घाटात आमची गाडी खालच्या वेगात चढून आली ती यामुळेच. तो उपाय संकटात खरा, पण निदानाच्या वेळी तोच फसवितो.

आता तबकडी घसरते हे ठरले. का घसरते, ते ठरले नाही. आमच्या दुसऱ्या खेपेस भोरजवळच्या एका वृद्ध मिस्त्रींनी गाडी पाहिली. त्यांनी कोणतेही हत्यार न उचलता इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली वर्तमानपत्र पसरले आणि चहा मागविला. त्या सांध्यावर घंटेच्या आकाराचे लोखंडी कवच असते व त्याच्या तळाशी एक लहान भोक असते. युद्धकाळच्या जीपमध्ये खोल पाण्यातून जाताना ते भोक बंद करण्यास बूच दिलेले असे आणि बाहेर आल्यावर ते काढून ठेवावयाचे असे, कारण आत गळलेले तेल तेथूनच बाहेर पडते. चहा संपेपर्यंत कागदावर तेलाचे चार थेंब पडले. मिस्त्रींनी ते बोटांवर चोळून हुंगले व म्हणाले, "मास्तर, क्लच मेला नाही. त्याला रोज तेल पाजताय तुम्ही." थेंब पातळ व काळे असले तर ते इंजिनाचे, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागील ऑइल सीलमधून येणारे, दाट, चिकट व गंधकासारख्या दर्पाचे असले तर ते गिअरबॉक्सचे. आमचे पहिल्या प्रकारचे होते. शहरातल्या कारखान्याने तेलाने भिजलेली तबकडी काढली, कोरडी बसविली, आणि गळते सील होते तसेच ठेवले. निम्म्या खर्चाचे सील न बदलल्यामुळे पुरा खर्च दोनदा झाला, याचे मला अद्यापि वाईट वाटते. दोष मात्र न विचारणाऱ्या माझाही.

चिकटण्याची परीक्षा उभ्या गाडीवर करावी. इंजिन मंद चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, मनात पाच अंक मोजावेत व मग रिव्हर्स टाकावा. पाच अंक थांबल्यावरही दाते खरडले, तर क्लच पुरा सुटत नाही. न थांबता टाकल्यास निरोगी जीपमध्येही ते खरडतात, म्हणून घाई करू नये. कोकणात व घाटमाथ्यावर याचे एक खास कारण आढळते. गाडी पावसाळाभर उभी राहिली की दमटपणाने तबकडी गंजून चक्रास चिकटून बसते. गाडी दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास पेडल दाबून बाक व पेडल यांच्यामध्ये लाकडाची फळी अडकवून ठेवावी, म्हणजे ही पीडा उद्भवत नाही.

आवाजाचे निदान सोपे आहे. न्यूट्रलमध्ये पेडलावर पाय अलगद ठेवताच किरकिर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग. पेडल वर असताना घरघर व दाबताच ती थांबली, तर गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगचा दोष. आणि गाडी उभी, गिअर पडलेला, पेडल पूर्ण दाबलेले, अशा वेळीच किंचाळल्यासारखे झाले, तर फ्लायव्हीलच्या मध्यातील पायलट बुश. जीपवाल्यास आणखी एक सोय आहे. ट्रान्स्फर केस न्यूट्रलला ठेवून गिअर टाकावा: गिअरबॉक्स फिरते, पण चाकांकडे जाणारे दांडे स्थिर राहतात. तरीही आवाज राहिला, तर दोष त्या दांड्यांचा व चाकांचा नव्हे.

गाडी सुटताना थरथरत असेल, तर क्लचवर संशय घेण्यापूर्वी इंजिनाखालचे रबरी आधार पाहावेत. युद्धकाळच्या जीपमध्ये इंजिन पुढेमागे हलू नये म्हणून एक लहान तारदोरही बांधलेला असे. तो सैल झाला की गाडी सुरू होताना उड्या मारते.

आता एक तक्रार जिचा क्लचशी काडीचा संबंध नसतो. "गाडी जड झाली आहे, स्टिअरिंग वळत नाही, दांडा निघत नाही, क्लच चिकटला," असे सांगत लोक येतात. विचारल्यास कळते की, शेतातून निघताना पुढील चाकांचा दांडा टाकला होता व तो तसाच ठेवून डांबरी रस्त्यावर दहा मैल आले. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा लांब वाट चालतात. जुन्या जीपमध्ये पुढील व मागील दांड्यांमधील हा फरक सामावून घेणारे साधन नाही. मातीत चाक घसरून तो फरक सोडून देते. डांबर कोरडे असल्यास चाक घसरत नाही व सर्व पीळ दांड्यांत साचतो. पुढील व मागील टायर वेगवेगळ्या आकाराचे असतील, तर हाच पीळ सरळ रस्त्यावरही भरतो. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी किंवा मातीत उतरवावी, म्हणजे दांडा आपोआप सुटतो. अशी गाडी क्लचसाठी उघडणे म्हणजे पोटदुखीवर दात काढणे होय.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आमच्या अंगणात घडली. मिस्त्री येण्यापूर्वी आमच्या पुतण्याने उत्साहाने गाडीखाली शिरून मागील दांड्याचे बोल्ट काढण्यास आरंभ केला. हँडब्रेक ओढलेला होता, म्हणून आम्ही सारे निश्चिंत. या जुन्या जीपगाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागील तोंडाशी, दांड्यावर असतो. शेवटचा बोल्ट सुटताच दांडा व ब्रेक यांचा संबंध तुटला, आणि अंगणाच्या उतारावरून गाडी निघाली. ती तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यास अडली. पुतण्या दोन्ही चाकांच्या मध्ये आडवा पडून राहिला म्हणून बचावला. त्याच्या बाहीवरून मात्र चाक गेले. मागचे एक चाक जॅकवर उचलले असतानाही हाच धोका असतो: ब्रेक दांडा धरून ठेवतो, पण उचललेले चाक उलटे फिरून जमिनीवरच्या चाकास मोकळे करते. तेव्हा हँडब्रेक असो वा नसो, जमिनीवर असलेल्या प्रत्येक चाकाच्या पुढे व मागे दगड लावल्यावाचून कोणीही खाली शिरू नये.

गिअरबॉक्स उतरविण्याचा प्रसंग आलाच, तर तबकडीबरोबर मागील सील, पायलट बुश आणि रिलीज बेअरिंग बदलण्यास मिस्त्रींना आधीच सांगून ठेवावे व फ्लायव्हीलचा पृष्ठभाग पाहून घ्यावा. आतील काळी धूळ फुंकू नये. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुप्फुसास घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी. आमच्या गाडीला भोरच्या मिस्त्रींनी सील घातले, तबकडी दुसऱ्यांदा नवी बसविली, आणि जाताना पसरलेले वर्तमानपत्र घडी करून मला परत दिले. आठ दिवसांनी मी तेच पुन्हा सांध्याखाली पसरले. जुन्या चार डागांखेरीज त्यावर पाचवा पडला नव्हता.