नवा पक्षी आणि खरी नोंद

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, नाट्य, संगीत यांविषयी बोलावे हा प्रघात. कार्यकारिणीने तो थोडा बाजूस सारून पक्षिनिरीक्षणास या मालेत स्थान दिले, याबद्दल प्रथम तिचे आभार मानतो. ‘आम्ही’ म्हणजे आपल्याच मंडळातील पाच-सहा पक्षिवेडी मंडळी. दिल्लीच्या थंडीत, रविवारी पहाटे, सारे घर रजईत असताना गळ्यात दुर्बीण अडकवून घराबाहेर पडणारी. त्या सर्वांच्या वतीने हे चार शब्द आहेत.

आम्हांस नेहमी विचारला जाणारा प्रश्न एकच: “एवढ्या लांब जाऊन शेवटी पाहता काय, तर पक्षीच ना?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ‘नवा पक्षी’ या दोन शब्दांत आहे. पृथ्वीवर पक्ष्यांच्या सुमारे अकरा हजार जाती आहेत. त्यांपैकी तेराशेहून अधिक भारतात आढळतात. शास्त्राला सर्वस्वी नवी अशी जाती सापडणे हे फार थोड्यांच्या भाग्यी असते. एखाद्या प्रदेशात पूर्वी कधी न दिसलेला पक्षी आढळणे हेही विरळाच. परंतु स्वतःला नवा असलेला पक्षी पाहण्याचा आनंद मात्र सर्वांना खुला आहे. त्यासाठी पदवी लागत नाही, अधिकारपद लागत नाही. डोळे उघडे असावे लागतात, आणि पाय चालते.

महाराष्ट्रातून दिल्लीस बदलून येणाऱ्या माणसाला तर हा आनंद रेल्वे फलाटावरच भेटतो. खाण्याच्या गाड्यांभोवती साळुंक्यांसारखे पक्षी निर्धास्त वावरत असतात. नीट पाहावे, तर रंग तपकिरी नसून निळसर राखी, आणि डोळ्यामागची उघडी कातडी पिवळी नसून विटकरी-लाल. ही गंगा मैना. नदीकाठच्या मातीच्या दरडींत, विहिरींच्या भिंतींत बिळे करून राहणारी. आपल्याकडच्या साळुंकीची जवळची नातलग, पण वेगळी. ज्याने साळुंकी लहानपणापासून पाहिली आहे, त्यालाच हे वेगळेपण चटकन जाणवते. ज्याला परिचित नीट ठाऊक नाही, त्याला अपरिचित दिसूनही दिसत नाही.

दिल्लीच्या पक्षिनिरीक्षणाला परंपरा आहे. गांधीजींचे स्नेही होरेस अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये येथे पक्षिनिरीक्षकांची संस्था स्थापन झाली. उषा गांगुली यांचे दिल्ली परिसरातील पक्ष्यांवरचे पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात चारशेहून अधिक जातींची नोंद आहे. एका राजधानीच्या आसमंतात एवढे वैभव असण्याचे कारण भूगोलात आहे. एका अंगाला यमुनेचा खादर, दुसऱ्या अंगाला अरवलीची खुरटी, काटेरी झाडी, पश्चिमेकडे वाळवंटाची चाहूल आणि उत्तरेकडे हिमालयाची सावली. शिवाय मध्य आशियातून हिवाळी पाहुणे ज्या वाटेने उतरतात, ती वाट आपल्या डोक्यावरूनच जाते.

त्या पाहुण्यांच्या भेटीसाठी आता फार सायास पडत नाहीत. ओखल्याच्या धरणाजवळील पक्षी अभयारण्याच्या नावाचे मेट्रो स्थानकच २०१७ पासून सुरू आहे. डिसेंबरात तेथे तलवार बदके, थापटे आणि चक्रवाक पाण्यावर तरंगताना दिसतात, आणि त्यांच्या मागे नोएडाच्या इमारती उभ्या असतात. गुरुग्राम जिल्ह्यातील सुलतानपूरची झील पीटर जॅक्सन या पत्रकार-पक्षिनिरीक्षकाने लावून धरलेल्या मागणीमुळे आणि इंदिरा गांधींनी घातलेल्या लक्षामुळे वाचली. १९९१ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि २०२१ मध्ये रामसर यादीत गेली.

जानेवारीतील एका सकाळी सुलतानपूरच्या बांधावर आम्ही उभे होतो. धुके एवढे दाट, की समोरचे पाणीही दिसेना. नुसता कलकलाट ऐकू येत होता. तासाभराने धुके विरळ झाले आणि पलीकडच्या काठावर राखी रंगाचा एक मोठा थवा उमटला. प्रत्येकाच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे. हे पट्टकादंब. तिबेटच्या पठारावरून आणि मंगोलियातून हिमालय ओलांडून येणारे हंसकुळातले पक्षी. उपकरणे बसवून केलेल्या अभ्यासात ते सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याचे आढळले आहे. आमच्यातील एका भगिनींनी हा पक्षी तोवर केवळ पुस्तकात पाहिला होता. त्या काही बोलल्या नाहीत. दुर्बीण खाली घेऊन नुसत्या पाहत राहिल्या. पुस्तकातले चित्र प्रथमच हलू-चालू लागते, चरते, मान वळवून आपल्याकडे पाहते, तो क्षण शब्दांत धरणे कठीण असते.

ग्रेटर नोएडाकडील धनौरीच्या पाणथळीत सारस क्रौंचांची जोडी दिसते, तेव्हाही मराठी माणसाची अशीच अवस्था होते. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यत्वे गोंदिया-भंडारा भागात, तोही थोडका. धनौरीस मात्र शंभराहून अधिक सारस एकत्र दिसल्याच्या नोंदी आहेत. माणसाच्या उंचीचा तो पक्षी भाताच्या खाचरातून संथ पावले टाकीत जातो आणि शेजारी शेतकरी आपल्या कामात मग्न असतो, हे दृश्य पाहिले की ‘अभयारण्य’ या शब्दाचा मूळ अर्थ उमगतो.

परंतु नव्या पक्ष्याचा सर्वांत सूक्ष्म आनंद आम्हांस दिला तो दहा ग्रॅमही न भरणाऱ्या एका चिमुकल्या पक्ष्याने. लोदी उद्यानात हिवाळ्यात झाडांच्या शेंड्यांवर हिरवट रंगाचे पर्णवटवटे अखंड चुळबुळत असतात. एका जागी क्षणभर स्थिर न राहणारी ही जात. दुर्बिणीत येते न येते तोच पान हलते आणि पक्षी नाहीसा होतो. दोन हिवाळे आमच्या वहीत त्यापुढे ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ एवढेच लिहिलेले आहे. तिसऱ्या हिवाळ्यात एका शांत सकाळी त्याची दोन स्वरांची बारीक हाक स्पष्ट ऐकू आली, पाठोपाठ पंखावरील फिकट पट्टे आणि लांब भिवई दिसली, आणि मगच आम्ही नाव लिहिले: ह्यूमचा पर्णवटवट्या. मध्य आशियातील आणि हिमालयातील पर्वतराजीत वीण करून हिवाळ्यात मैदानात उतरणारा. पक्षी तोच, झाडेही तीच. पण त्या दिवशी तो आम्हांस नवा झाला.

ज्यांचे नाव या पक्ष्याला मिळाले, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपणां सर्वांस काँग्रेसच्या स्थापनेमुळे ठाऊक आहेत. ते हिंदुस्थान सरकारचे सचिव होते आणि आपल्या काळातील या देशाचे अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञही होते. सरकारी कामकाज सांभाळून त्यांनी देशभरच्या नोंदी जमविल्या. पुढे शिमल्याच्या घरातील त्यांची हस्तलिखिते नोकराने रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकली. त्या आघातानंतर त्यांनी पक्षिशास्त्र जवळजवळ सोडलेच आणि साठ हजारांहून अधिक नमुन्यांचा आपला संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. नोंद हरवली म्हणजे काय हरवते, हे त्यांच्याइतके कोणास कळले असेल?

याच ह्यूमांनी १८७३ मध्ये वर्णन केलेल्या एका पक्ष्याची कथा आपल्या महाराष्ट्राशी जडलेली आहे. तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. घराभोवती दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी असते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, डोके मोठे आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. खानदेशात नेमणुकीवर असलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र खात्रीचा एकही नमुना मिळाला नाही. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत हा पक्षी मिळविल्याचा दावा केला आणि शोधकांच्या नजरा तिकडे वळल्या. सालिम अली आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांनीही शोध घेतला; पक्षी सापडला नाही. तो नामशेष झाला असावा, असे अनेकांस वाटू लागले.

पुढे पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ विदुषींनी जुने नमुने बारकाईने तपासले. माइनर्ट्झहागनचा नमुना हा वस्तुतः डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरलेला आणि खोटी चिठ्ठी बांधलेला, असे निष्पन्न झाले. ती नोंद बाजूस सारून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या नोंदींतील स्थळे धुंडाळली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात, दिवसाढवळ्या, झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. मध्ये ११३ वर्षे लोटली होती. पुढे तो मेळघाटात, यावलमध्ये, इतकेच नव्हे तर मुंबईजवळच्या तानशाच्या जंगलातही आढळला.

भगिनी-बंधूंनो, आमच्या आजच्या बोलण्याचे सार या कथेत आहे. एका माणसाच्या खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशा चुकविली, आणि दुसऱ्या माणसाच्या खऱ्या चिठ्ठीने शतकानंतर ती दुरुस्त केली. नवा पक्षी दिसल्याचा आनंद आपल्यापुरता असतो; त्याची नोंद मात्र सर्वांची होते. म्हणून आम्ही वहीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. प्रत्यक्ष काय दिसले, तारीख, वेळ, स्थळ आणि संख्या, हे एका बाजूस. त्यावरून आम्हांस काय वाटते, हे दुसऱ्या बाजूस. सरकारी टिपणीत वस्तुस्थिती आणि अभिप्राय वेगळे लिहावेत, असा दंडक असतो. तो इतका उपयोगी पडेल, असे आम्हांस कचेरीत कधी वाटले नव्हते. आता हाताच्या दूरध्वनीत आवाज ऐकून नाव सुचविणारी साधनेही आली आहेत. ती अवश्य वापरावीत. पण साधनाने सुचविले म्हणजे आपण पाहिले, असे होत नाही. शंका असेल तेथे जागा कोरी सोडण्यात कमीपणा नाही.

ही दक्षता आज अधिकच अगत्याची आहे. भरतपूर जिल्हा २०१३ पासून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. तेथील केवलादेव उद्यानात हजारो किलोमीटरवरून, सायबेरियातून, शुभ्र क्रौंच येत असत. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर ते आले नाहीत. आज तेथे जाणाऱ्यास शेकडो जाती दिसतील. तो क्रौंच दिसणार नाही. गुरुग्रामजवळच्या बसईची पाणथळ महत्त्वाचे पक्षिक्षेत्र म्हणून मान्य झालेली होती. तिच्या कडेला बांधकामाच्या राडारोड्यावर प्रक्रिया करणारा कारखाना आला, भोवती वस्ती वाढली आणि पाणी आक्रसत गेले. अशा जागेची बाजू मांडण्याची वेळ येते, तेव्हा हळहळीचा उपयोग नसतो. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक पक्षी इतके होते, हा लेखी पुरावाच विचारला जातो. तो देणारे बहुधा तुमच्या-आमच्यासारखे रविवारचे हौशी लोकच असतात.

आणि नोंद मराठीत करावी, असेही आमचे आग्रहाचे सांगणे आहे. चोचीवर पिवळा आणि लाल रंग मिरविणाऱ्या बदकाला आपल्या लोकांनी ‘हळदी-कुंकू’ म्हटले, लांबलचक पायांच्या पक्ष्याला ‘शेकाट्या’ म्हटले, भडक रंगांच्या करकोच्याला ‘चित्रबलाक’ म्हटले. ही नावे म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचे निरीक्षण आहे. वनखात्यात सेवा करता करता मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांच्या तोंडचे असे शब्द टिपले आणि पक्षिकोशात ग्रथित केले. २०२५ मध्ये ते गेले. त्यांनी टिपलेले शब्द राहिले. दिल्लीत वाढणाऱ्या आपल्या मुलांना ही नावे व्याकरणाच्या तासाला कळणार नाहीत. ओखल्याच्या बांधावर पक्षी समोर असताना सांगितली, तर विसरणार नाहीत.

तेव्हा एक सूचना मांडून पुरे करतो. मंडळाच्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. द्वारकेत, मयूर विहारात, नोएडात, फरीदाबादेत राहणाऱ्या सभासदांनी आपल्या गच्चीवरून, उद्यानातून, प्रवासातून दिसलेले पक्षी तारखेनिशी तीत लिहावेत. यंदा पहिला थिरथिरा कोणत्या दिवशी आला, पावसाआधी चातकाची हाक कोणी प्रथम ऐकली, राखी धनेशाने कोणत्या झाडाच्या ढोलीत घर केले, एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले. मंडळाचा शतकमहोत्सव होईल, तेव्हा आम्ही नसू. पण ती वही उघडून कोणी म्हणेल की त्या वर्षी येथे इतके सारस होते, आणि तेव्हाही बाहेर सारस असतील, तर या मंडळाने आणखी एक चांगले काम केले असे होईल.

येत्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता ओखला पक्षी अभयारण्याच्या मेट्रो स्थानकाबाहेर आम्ही वाट पाहत आहोत. ज्यांच्याकडे दुर्बीण नसेल त्यांनीही यावे. आमच्याकडे एक जास्तीची आहे.