केसपेपरवरचा एक रकाना



डॉक्टरांच्या सभेत अध्यक्षाने आधी आभार मानावेत, मग विषयाला हात घालावा, अशी रीत आहे. मी आज एका चुकीपासून सुरुवात करतो. चूक माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी इथल्या, सुरतेतल्या कोसाड आवास वसाहतीतला एक माणूस माझ्याकडे आला. मूळचा खानदेशातला. म्हणाला, ‘डॉक्टर, लघवी लाल होते, पण दुखत काही नाही. उन्हाळी लागली असेल.’ धने-जिऱ्याचं पाणी पिऊन झालं होतं. मी बिडीचं विचारलं, ओढत होता. जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या, रक्त थांबलं, तो कामावर गेला. वर्षभराने मूत्राशयात गाठ निघाली. केसपेपर काढून पाहिला, तर व्यवसायाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात एक शब्द होता : मजूर.

कसला मजूर? तापी ओलांडून पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये जायचा. त्याआधी बारा वर्षं रंग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात. तोंडाला रुमाल बांधून ड्रममधली पावडर मगने काढायची, काट्यावर तोलायची, आणि जेवणाआधी हाताचा रंग ‘हायड्रो’ या रंग उडवणाऱ्या रसायनाने उतरवायचा. ‘नाक शिंकरलं की आज कोणता रंग चालू आहे ते कळायचं,’ असं त्याच्या बायकोने सांगितलं. तेही मी विचारलं तेव्हा.

१८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सिन रंगाच्या कामगारांमधला मूत्राशयाचा कर्करोग जगापुढे मांडला. पुढे त्याची कारणं म्हणून बेंझिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन ही नावं पक्की झाली. ही द्रव्यं श्वासातून, कातडीतून शिरतात, लघवीत उतरतात आणि मूत्राशयाच्या अस्तराला तासन्‌तास भिडून राहतात. आपल्या केंद्र सरकारने १९९७मध्ये अशी द्रव्यं सोडणारे ७० अझो रंग हाताळायला बंदी केली. पण गाठ दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. बंदीआधी हातात मग धरलेला पोरगा आज पन्नाशी ओलांडून गेलाय.

एक गोष्ट मात्र तोलून बोलायला हवी. सुरतेचं बहुतेक कापड पॉलिएस्टरचं, त्याचे रंग वेगळे. तेव्हा डाईंग मिल म्हणजे कर्करोग, असं मी म्हणणार नाही. रंग बनवणाऱ्यांबाबतचा पुरावा भक्कम आहे, रंग चढवणाऱ्यांबाबतचा अजून कच्चा. बिडीनेही हाच कर्करोग होतो. पण बिडीचा प्रश्न आपल्याला पाठ आहे, आणि आपला तपास तिथेच आटोपतो. मग कच्चा पुरावा पक्का व्हायचा कुठून?

६ जानेवारी २०२२ला सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधलं रसायन नाल्यात सोडताना वायू पसरला, सहा कामगार गेले. देशभर बातमी झाली. गाठीने गेलेल्याची बातमी होत नाही. तोवर ठेकेदाराचं हजेरीपुस्तक रद्दीत गेलेलं असतं. भरपाईच्या कायद्याच्या यादीत मूत्राशयाची गाठ आहे. नसतो तो या माणसाने तिथे काम केल्याचा कागद. तो कागद बहुधा आपणच लिहू शकतो.

म्हणून एवढंच मागतो. उद्या दवाखाना उघडल्यावर ‘मजूर’ लिहून थांबू नका. कोणतं खातं, कोणतं रसायन, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हे लिहा. आणि चाळिशीपुढचा रंगकामगार न दुखता लाल लघवी झाल्याचं सांगेल, तर गोळ्या देऊन घरी धाडू नका. दुर्बिणीच्या तपासणीला पाठवा.