बाकावरचा खालिद

डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की पोरं चपला ठेवून गोल आखतात. तलासरीकडच्या माळावरही तेच. मी कवी माणूस, पण या पोरांना कविता नाही, खालिद जमीलची गोष्ट सांगतो.

जन्म १९७७ चा, कुवेतमधला. खेळला मुंबईत, महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून. कोलकात्याच्या दोन बड्या क्लबांना त्यानं नकार दिला, कारण जर्सीवर मद्य कंपन्यांची नावं, असं सांगतात. मला हे फार भावतं. दुखापतींनी पाय थांबवले. २००९ मध्ये मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. पैसा बेताचा, तरी सात हंगाम संघ खाली घसरू दिला नाही. वाहवा मात्र कुणी केली नाही.

मग तो मिझोरामला गेला. ऐजॉल एफसी आदल्या हंगामात आय-लीगमधून बाहेर फेकला गेलेला, कसाबसा परत घेतलेला. त्या संघानं २०१७ मध्ये आय-लीग जिंकली! आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन घसरला.

ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. आल्या आल्या मध्य आशियातल्या नेशन्स चषकात ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक. पण ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरनं २-१ असं हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. लगेच माझ्या ओळखीचे लोक म्हणू लागले, ‘देशी माणसाचं हे काम नाही.’ अहो, क्रोएशियाच्या स्टिमाच यांना आपण पाच वर्षं दिली होती. याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते.