दगड कोणीं हलविला?

(परळ येथें दिलेलें व्याख्यान)



आपण बसलों आहोंत त्या परळांतच १९३१ सालीं सडकेचें काम चाललें असतां मजुरांना एक शिळा लागली. दहा फुटांहून उंच, एकसंध, वर शिवाचीं सात रूपें कोरलेलीं. सुमारें १,५०० वर्षांपूर्वींचें हें काम. आज ती येथल्याच बारादेवी मंदिरांत आहे. पुस्तकांत शिळेचें वर्णन आहे, राजवटीची चर्चा आहे. ज्यांनीं ती मातींतून वर काढली ते नुसते ‘मजूर’.

एवढे अवजड दगड जुन्या काळीं हालत कसे असतील, असें शाळेंत मुलें आम्हांस विचारतात. कोणी म्हणतो देवानें हालविले, कोणी म्हणतो राक्षसांनीं. आम्ही सांगतों, माणसांनीं. आणि त्यास पुरावा आहे.

मिसर देशांत जेहुतिहोतेप नांवाच्या सरदाराच्या थडग्यांत जवळजवळ ४,००० वर्षांपूर्वींचें एक चित्र होतें. घसरगाडीवर प्रचंड पुतळा बांधला आहे, १७२ माणसें चार रांगांनीं दोर ओढीत आहेत, आणि एक जण गाडीपुढच्या वाळूवर पाणी ओतीत आहे. पंडित सांगत, हा शुद्धीकरणाचा विधि! (काम दिसलें कीं त्यांत विधि शोधण्याची खोड आमच्याच देशांतली नव्हे.) २०१४ सालीं ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या संशोधकांनीं प्रयोग केला. बेताच्या पाण्यानें वाळूचे कण एकमेकांस धरून राहतात, गाडीपुढें ढीग सांचत नाहीं, आणि ओढ निम्म्यावर येते. म्हणजे तो एक पाणक्या नसता तर तेथें दुप्पट माणसें लागलीं असतीं!

पॅसिफिक महासागरांतल्या राप नुई बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले कीं, आमचे पुतळे चालत गेले. ही भाकडकथा ठरली. २०१२ सालीं हंट व लायपो या संशोधकांनीं चार टनांहून जड नमुना उभा करून त्यास तीन दोर बांधले. दोन बाजूंस दोन, तिसरा मागून तोल धरावयास. अठरा माणसांनीं आळीपाळीनें ओढ देत त्यास डुलवीत डुलवीत ४० मिनिटांत १०० मीटर चालविलें. सर्व विद्वानांस हें पटलें आहे असें नाहीं. पण चाळींतलें लोखंडी कपाट सरकवितांना आपण काय करतों? एक कोपरा पुढें, मग दुसरा. तेंच हें.

आतां घारापुरीचा दगडी हत्ती पाहा. त्याचें डोकें व मान १८१४ सालींच गळून पडलीं होतीं. असला भंगलेला हत्ती १८६४ सालीं इंग्रजांनीं विलायतेस न्यावयाचें ठरविलें. क्रेन आणली. उचलतांना क्रेनचा हात मोडला आणि हत्तीचे तुकडे झाले! आमच्या गांवचा वडार शिळेस पहार लावण्यापूर्वीं हातोडीनें ठोकून आवाज ऐकतो. भेग असली तर आवाज बद येतो. हें ज्ञान कोणत्या परीक्षेंत विचारतात? आम्ही ट्रेनिंग कॉलेजांत शिकलों, तेथें तरी कोणीं विचारलें नाहीं.

ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेंत आले आणि १९१४ सालीं जोडले गेले. आज त्या बागेस जिजामाता उद्यान म्हणतात. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ हत्ती उभा आहे. रविवारीं मुलांस घेऊन जा, आणि त्याच्या अंगावरचे सांधे त्यांस बोटानें दाखवा.